वाचकांचे प्रश्न : आधी सूत गेले, माग नंतर

यंत्रयुग कसे सुरू झाले आणि आपल्या सीमाभागात त्याने काय बदलले, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी सात या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न (शिक्षिका, खानापूर तालुका) : "वाफेच्या इंजिनाचा शोध लागला आणि औद्योगिक क्रांती झाली" असे आम्ही शिकवतो. एका मुलाने विचारले, "बाई, कापड तर आपण त्यांच्या आधीपासून आणि त्यांच्याहून चांगले विणत होतो. मग यंत्र आपल्याकडे का नाही निघाले?" त्याला काय सांगू?

उत्तर : त्या मुलाला वर्गात शाबासकी द्या, त्याचा प्रश्न शिकवल्या जाणाऱ्या वाक्याहून खरा आहे. न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन १७१२ साली आले ते खाणीत साचलेले पाणी उपसायला. कापूस कातण्याची पहिली मोठी गिरणी आर्कराइटने १७७१ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉमफर्डला काढली, ती वाहत्या पाण्यावर चालायची. गिरण्या आधी आल्या, पाणी कमी पडू लागले तेव्हा मालक इंजिनाकडे वळले. पाठातला क्रम उलटा लागला आहे.

अडचण सुरू झाली सुतापासून. एका विणकराला पुरेल एवढे सूत काढायला चार-पाच बायकांना चरख्यावर बसावे लागे. १७३३ मध्ये जॉन के याने दोरीच्या झटक्यासरशी या टोकाकडून त्या टोकाला जाणारा धोटा (आडवा धागा ओवत नेणारे मागाचे अवजार) केला. विणकराचा हात चालू लागला आणि सुताची ओढ आणखी वाढली. मग हारग्रीव्ह्जची जेनी (१७६४), आर्कराइटचे पाण्यावरचे कातणयंत्र (१७६९), क्रॉम्प्टनचे म्यूल (१७७९) अशी सूत कातायची यंत्रे पाठोपाठ आली. शंभर पौंड कापसाचे बारीक सूत काढायला आपल्याकडच्या चरख्यावर सुमारे ५०,००० तास लागत. म्यूलवर सुरुवातीला २,००० तास लागले आणि १८२५ च्या सुमारास १३५. हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि पुढचे मुलांनाच बोलू द्या.

आपल्याकडे का नाही, याचे उत्तर हिशेबात आहे. समजा एका यंत्राची किंमत ३०० नाणी आहे आणि ते रोज दोन माणसांची मजुरी वाचवते. मजुरी रोज एक नाणे असेल तर यंत्राचे पैसे १५० दिवसांत वसूल होतात. मजुरी पाव नाणे असेल तर ६०० दिवस लागतात, आणि तोवर लाकडी यंत्राची निम्मी चाके बदलायला आलेली असतात. इंग्लंडमध्ये मजुरी महाग होती, आणि न्यूकॅसलच्या खाणींमुळे कोळसा मातीमोल होता. आपल्याकडे उलटे होते. आपल्या विणकराचे डोके कमी पडले नाही, त्याला सूत पुरवणाऱ्या बाईची मजुरी इतकी कमी होती की यंत्र परवडलेच नसते.

मुलगा म्हणतो ते "आपण चांगले विणत होतो" हेदेखील एक कारणच आहे. भारतातले छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतके खपू लागले की तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांनी ओरड केली. १७०० च्या कायद्याने ते कापड देशात वापरायला आणण्यावर बंदी आली, १७२१ च्या कायद्याने वापरण्या-विकण्यावरही. मागणी तयार होती आणि माल अडवलेला होता, म्हणून तिथले लोक स्वतः सुती कापड करायला धडपडले. त्यांना लागणारा कापूस पुढे अमेरिकेतून आला. १७९३ मध्ये व्हिटनीचे सरकी काढायचे यंत्र निघाल्यावर तिथे कापसाचा पेरा वाढला आणि त्याबरोबर गुलामांची संख्याही. हे वर्गात गाळू नका. मँचेस्टरचे स्वस्त सूत कोणाच्या पाठीवर उभे होते ते मुलांना कळायला हवे.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : आमच्या घरी पणजोबांपर्यंत हातमाग होता. विलायती गिरण्यांनी विणकर बुडवला असे लहानपणापासून ऐकतो. पण पणजोबा स्वतः गिरणीच्या सुताची लुगडी विणत. मग गिरणीने त्यांना मारले की तारले?

उत्तर : दोन्ही केले, पण मारले एकाला आणि तारले दुसऱ्याला. आधी बुडाली ती सूत कातणारी बाई. १८२० च्या दशकात विलायती सूत भारतात येऊ लागले आणि पुढच्या दोन पिढ्यांत बंदरांपासून आत आत सरकत गेले. आपल्या भागात ते घाट चढून गाड्यांनी यायचे, नंतर आगगाडीने. तोवर घरोघरी, विशेषतः विधवा आणि म्हाताऱ्या बायका, पिंजलेल्या कापसाचे पेळू घेऊन चरख्यावर बसत आणि आठवड्याच्या बाजारात सूत विकून मीठ-मिरचीचा खर्च काढत. तो पैसा त्यांच्या हातचा होता, कोणापुढे हात पसरायला लागत नसे. तोच आधी गेला. माग बंद पडला तर त्याचा रिकामा खड्डा दिसतो, चरखा माळ्यावर गेला तर काहीच दिसत नाही. म्हणून घराण्यांच्या आठवणीत विणकर राहिला आणि कातणारी विसरली गेली. याची खंत वाटते.

पणजोबांनी गिरणीचे सूत का घेतले, हे मागाजवळ उभे राहिल्यावर कळते. ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा मागावर ताणलेला असतो. पायटा दाबला की तो वर-खाली होतो आणि प्रत्येक ठोक्याला फणीच्या दातांत घासतो. हातसुतात पीळ कमी-जास्त असतो. जाड ठिकाणी पीळ कमी बसतो, बारीक ठिकाणी जास्त, आणि धागा नेमका पीळ सैल असलेल्या जागी तुटतो. एक धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचे, ताणा वर-खाली करणाऱ्या ओवीतून आणि फणीतून पुन्हा ओवायचे, गाठ मारायची. दिवसातून अशा पन्नास गाठी मारणाऱ्याला गिरणीचे सूत वरदान वाटले तर नवल नाही. ते एकसारखे होते, नंबरावर मिळत होते आणि खळ (धागा कडक करणारी पेज) नीट धरत होते. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, ताण कमी बसतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी ताणा गिरणीचा आणि बाणा हातसुताचा अशी तडजोड काही काळ चालली.

माग टिकला त्याचे कारण आपली लुगडी. यंत्रमागाला एकाच रंगाचे लांबच लांब साधे कापड आवडते. नऊवारीला काठ वेगळा, अंग वेगळे, पदर वेगळा. शेजारच्या इरकलला तर पदराचा ताणा निराळा लावून अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. दर लुगड्याला यंत्र थांबवून एवढे करणे गिरणीला परवडत नव्हते. त्यामुळे साधी धोतरे आणि मांजरपाट गिरणीकडे गेले, काठापदराची लुगडी मागावर राहिली.

पण विणकर सावकाराच्या मुठीत गेला तो याच वेळी. पूर्वी सूत शेजारच्या चार घरांतून येई. आता ते एकाच व्यापाऱ्याकडून, उधारीवर, आणि तयार लुगडेही त्यालाच द्यायचे. सुताचा भाव तो ठरवणार, लुगड्याचाही तोच. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हे उघडे पडले. धान्य महाग झाले की लोक सर्वांत आधी नवे कापड घेणे थांबवतात. शेतकऱ्याची बी-बियाण्यापुरती का होईना जमीन राहिली, विणकराकडे माग आणि उधारी एवढेच उरले.

रंगाऱ्याचे दुःख तर कोणी सांगतच नाही. लुगड्याचा लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून निघे. झाड लावून तीनेक वर्षे थांबायचे, मग मुळ्या खणायच्या, सुकवायच्या, कुटायच्या. १८६९ च्या सुमारास युरोपात त्या जातीचा लाल रंग डांबरापासून बनू लागला आणि १८९७ मध्ये नीळसुद्धा कारखान्यात तयार होऊन बाजारात आली. आल लावणारा, खणणारा आणि रंगवणारा, तिघांचा धंदा एका पुडीने संपवला. आज खासबाग-वडगावच्या गल्ल्यांत खटखट ऐकू येते ती विजेच्या मागांची. ती त्यानंतरची पायरी.

प्रश्न (गोकाक) : आमच्या धबधब्याजवळची गिरणी १८८७ ची आहे. इतक्या आडरानात, मुंबई सोडून, गिरणी का काढली? आणि पाण्यावर यंत्रे म्हणजे नेमके किती बळ मिळत असेल?

उत्तर : कोळसा मोजला की उत्तर मिळते. ५०० अश्वशक्तीची गिरणी दिवसाला ११ तास चालवायची, आणि त्या काळच्या इंजिनाला अश्वशक्तीमागे तासाला तीन पौंड कोळसा लागतो असे धरू. रोज १६,५०० पौंड, म्हणजे सात टनांहून जास्त. बैलगाडीत अर्धा टन घातला तर रोज पंधरा गाड्या फक्त कोळशाच्या. तो समुद्रमार्गे मुंबईला येणार, तिथून घाट चढून इकडे. मुंबईत बंदर दारात होते म्हणून तिथे वाफ परवडली. इथे कापूस दारात होता आणि घटप्रभा फुकट कोसळत होती.

बळ मोजायचे असे. धबधब्याची उंची सुमारे ५२ मीटर. सेकंदाला एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. त्याला ९.८१ आणि ५२ ने गुणले की ५१० किलोवॉट येतात. पात्यांत, नळांत आणि बेअरिंगांत चौथाई वाया जाते असे धरा, ३८० किलोवॉट उरतात, म्हणजे ५०० अश्वशक्तीच्या थोडे वर. नदीच्या पाण्यातली एक जाडशी धार पुरते. पावसाळ्यात हे कौतुकाचे वाटते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह रोडावतो तेव्हा खरी परीक्षा असते. वर पाणी अडवून साठा केल्याशिवाय अशी गिरणी बारमाही चालत नाही, आणि त्याच पाण्यावर कालव्याचा आणि शेताचाही हक्क असतो. धुपदाळच्या बंधाऱ्याचे महत्त्व इथे कळते. पाण्यावर चालणाऱ्या कारखान्याचा आणि खालच्या शेतकऱ्याचा तंटा इंग्लंडच्या ओढ्यांवरही झाला होता, तो कोळसा आल्यावर मिटला.

रेल्वेचा भाग थोडक्यात. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली आणि दुष्काळात धान्य पोचवता यावे हा त्या मार्गांमागचा एक हेतू होता. पण जो रूळ धान्य आणतो तोच यंत्रे आणि विलायती कापडही आणतो, आणि कापूस घेऊन जातो. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा आपल्या भागातला माल बैलगाड्यांनी वेंगुर्ला आणि कुमठा बंदरांना उतरत होता. रूळ आल्यावर गाडीवानांचा तो धंदा आटला.

तुम्ही विचारले नाही, पण गिरणीच्या आतले एक सांगायला हवे. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो, घर्षणाने तंतू एकमेकांपासून फिस्कारतात आणि सूत तुटते. इंग्लंडचा गिरण्यांचा भाग लँकेशायर ओलसर, मुंबईला समुद्र. आपल्याकडे मार्च-एप्रिलात हवा हाडासारखी कोरडी. म्हणून कातणखात्यात ओल टिकवायला खिडक्या बंद ठेवायच्या आणि पाण्याचे फवारे किंवा वाफ सोडायची. सूत टिकते, पण खिडक्या बंद म्हणजे कापसाचा भुगाही आतच फिरतो. तो वर्षानुवर्षे छातीत जातो. सुटीनंतर सोमवारी कामावर आले की छाती दाटते, आठवड्याच्या शेवटी हलके वाटते, हे या रोगाचे ओळखीचे लक्षण, आणि पुढे ते हलके वाटणेही थांबते. इंग्लंडच्या मागखात्यांत आणखी एक वाईट रीत होती. धोट्याच्या छिद्रातून धागा ओढायला विणकर छिद्राला तोंड लावून श्वास आत घेत, आणि एक धोटा अनेकांच्या तोंडी जाई. क्षय पसरायला दुसरे काय हवे? चांगले सूत आणि चांगली हवा यांचे गिरणीत पटत नाही. मध्ये पंखे आणि गाळण्या बसवाव्या लागतात, त्याला पैसे लागतात, आणि कोणी भाग पाडल्याशिवाय ते खर्च होत नाहीत.

प्रश्न (चिकोडी तालुका) : लोखंडी नांगर बेळगावात तयार झाला असे म्हणतात. मग शेतकऱ्यांनी तो आधी नाकारला का? अडाणीपणा म्हणून?

उत्तर : हा शब्द मागे घ्या, अशी विनंती आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९. बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती हे खरे. पण समजुतीच्या मागे शेतकऱ्याचा हिशेब होता.

लाकडी नांगर बाभळीचा. हाळीस (बैलांना जोडायचा दांडा), रुमणे (हातात धरायची मूठ) सगळे गावचा सुतार करतो, लोखंडी फाळ लोहार भात्यावर तापवून पुन्हा टोकदार करून देतो. दोघांना वर्षाला धान्याचे बलुते, रोख पैसा नाही. नव्या नांगराचा फाळ बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड कठीण पण ठिसूळ. दगडाला लागून टोक गेले आणि लोहाराने ते तापवून ठोकले तर तडकते, जोडत नाही. म्हणजे नवा फाळ विकत आणायचा, रोख देऊन, गावाबाहेरून. शिवाय लाकडी नांगर माती चिरतो, लोखंडी नांगर उचलून पालथी घालतो. त्याला ओढायला बळ जास्त लागते, भारी काळ्या जमिनीत दोन-दोन, कधी चार बैलजोड्या. ज्याच्याकडे एकच जोडी त्याने काय करायचे?

तरी तो टिकला, कारण हरळी आणि कुंदा. या गवतांच्या मुळ्या खोल जातात, वरवर चिरून मरत नाहीत. जमीन खोल पालथी घालून मुळ्या उन्हाळ्याच्या उन्हात तापवल्या तर मरतात. ते ज्यांनी शेजाऱ्याच्या रानात पाहिले त्यांनी भाड्याने नांगर आणायला सुरुवात केली. पुढे फाळ सुटा विकायला गावोगावी मिळू लागला तेव्हा खरी अडचण मिटली. नवे अवजार विकायचे तर सुटे भाग आधी पोचवायचे, हा धडा आजच्या ट्रॅक्टरवाल्यालाही लागू आहे.

या कारखान्याची बेळगावातली जागा शहराच्या नव्या वसाहतीसाठी हवी होती, ती सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला, निवडुंगाने भरलेला, आणि १९१० मध्ये कारखाना तिकडे गेला. आजचे किर्लोस्करवाडी तेच. कारखाना गेला तरी ओतकामाचा हात इथे राहिला, आज बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओतकामाच्या फौंड्र्या पाहताना ते आठवते. सुताराचे बलुते मात्र कमी होत गेले. नांगर गावात होत होता तोवर त्याचे घर शेतीशी बांधलेले होते. नंतर तो रोजावर दारे-खिडक्या करू लागला, किंवा शहराकडे निघाला.

प्रश्न (निपाणी) : मी आणि माझ्या दोघी जावा घरी बसून बिड्या वळतो. मुलीच्या पुस्तकात इंग्लंडमधल्या घरगुती उद्योगाचे चित्र होते, व्यापारी सूत देतो आणि घरी विणून घेतो. ती म्हणाली, "आई, हे आपल्यासारखेच." खरेच का?

उत्तर : ताई, मुलगी बरोबर आहे. कारखाने येण्याआधी यॉर्कशायर-लँकेशायरमध्ये असेच चाले. व्यापारी लोकर किंवा सूत वजन करून घरी द्यायचा, तयार माल वजन करून घ्यायचा आणि नगावर पैसे. तुमच्याकडे पान, तंबाखू आणि दोरा. रात्री पाने भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमटीने तंबाखू घालून वळायची, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा, पंचवीसचे बंडल करायचे. दिवसभर मान खाली घालून हजारभर होतात.

भांडणेही तीच. तिथे व्यापारी म्हणायचा, बायका सूत चोरतात. बायका म्हणायच्या, लोकर मुळातच कमी आणि खराब देतात. १७७७ मध्ये इंग्लंडने लोकरीच्या सुतासाठी कायदा करून तपासनीस नेमले, ते कातणाऱ्यांवर खटले भरत. देणाऱ्याच्या तराजूवर कोणी नेमला नाही. तुमच्याकडे पान भोके पडलेले, शिरा जाड, अर्धे वाया जाते, तरी बिड्या हजाराच्या हजार द्यायच्या. पान कमी पडले की पदरच्या पैशाने आणायचे. वर छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. छाटलेली बिडी परत मिळत नाही आणि तिचे पैसेही मिळत नाहीत.

कातणे-विणणे घरातून कारखान्यात गेले, बिडी का नाही गेली? कारण कारखान्याचा फायदा एका चाकावर अनेक यंत्रे फिरवण्यात असतो. बिडीत फिरवायला काही नाही, बोटेच आहेत. सगळ्यांना एका छपराखाली आणले तर छप्पर, पाणी, संडास, पाळणाघर, हजेरी, सगळे मालकाच्या गळ्यात पडते. घरी ठेवले तर जागा तुमची, दिवा तुमचा, भुकटीचा खोकला तुमचा आणि तुमच्या मुलांचा. कायद्याने कारखान्यावर बंधने आली की काम घराकडे सरकते, हे इंग्लंडमध्ये शिवणकामात झाले, आपल्याकडे बिडीत.

१९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानले, आणि १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आला. हे सहज मिळालेले नाही, त्यामागे बिडी कामगारांचे मोर्चे आहेत. एक काम आजपासून करा. दिलेले पान आणि तंबाखू किती, दिलेल्या बिड्या किती, छाट किती, पैसे किती, हे तारखेसह वहीत लिहा आणि देणाऱ्याची सही घ्या. सही देत नसेल तर दोन जावांच्या सह्या घाला. कार्ड, निधी, आजारपण, कशाचाही दावा सांगताना पहिला प्रश्न येतो तो "तुम्ही यांच्याकडे काम करता याला पुरावा काय" हा. मुलीला ती वही लिहायला लावू नका, स्वतः लिहा. तिला तिचा अभ्यास करू द्या.

प्रश्न (बैलहोंगल) : आमचे पणजोबा लहानपणी जिनिंगमध्ये होते. तेव्हा मुलांसाठी कायदा नव्हता का?

उत्तर : होता, पण जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, लागू होत नव्हता. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. पण शंभर किंवा त्याहून जास्त माणसे आणि वर्षाला चार महिन्यांहून जास्त चालणारा कारखाना असेल तरच. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगला कुलूप, म्हणून तिथे तपासनीस फिरकत नसे. आणि खरा धोका तिथेच होता. सरकी काढायच्या यंत्रातल्या फिरत्या रुळांच्या तोंडाशी कापूस सारताना बोट जाणे, उघड्या पट्ट्यात लुगड्याचा पदर अडकणे, सरकीच्या धुळीने डोळे येणे.

१८९१ मध्ये वय नऊवर आणि मुलांचे तास सातवर आले, बायकांना अकरा तास आणि सर्वांना आठवड्याची सुटी. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळू लागली होती, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून लावून धरल्यामुळे. १९२२ मध्ये वय बारा झाले आणि मोठ्यांना दिवसाला अकरा, आठवड्याला साठ तास. कारखाना म्हणजे वीस माणसे ही मर्यादाही तेव्हाच आली, मग लहान जिनिंगही कक्षेत आली. सुरुवातीच्या कायद्यांमागे मजुराची कणव जेवढी होती तेवढेच मँचेस्टरच्या मालकांचे दडपणही होते. भारतातल्या गिरण्या जास्त तास चालून स्वस्त माल काढतात, ही त्यांची तक्रार होती. हेतू काहीही असो, सात वर्षांच्या पोराला त्याने घरी ठेवले. जन्माचा दाखला नसे, म्हणून डॉक्टर दात पाहून वय ठरवत. पणजोबांचे वय कागदोपत्री चुकीचे असण्याची शक्यता त्यामुळे मोठी आहे.

प्रश्न (विद्यार्थी, कडोली) : "२० नंबरचे सूत", "४० नंबर" म्हणजे काय? घरी मोजता येते का?

उत्तर : येते, आणि जरूर मोज. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो नंबर. २० नंबर म्हणजे पौंडात २० लडी. नंबर मोठा तसे सूत बारीक. मीटर-ग्रॅममध्ये सोपे सूत्र असे : १०० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, त्याने ५९ ला भाग. २० नंबरचे १०० मीटर सूत २.९५ ग्रॅम भरते.

एक पुठ्ठ्याची वही घे, तिचा घेर टेपने मोज. घेर ५० सेंटिमीटर असेल तर २०० फेरे म्हणजे १०० मीटर. सूत ओढून गुंडाळू नकोस. ताणले तर लांबी वाढते आणि नंबर खोटाच जास्त दिसतो. फेरे एकावर एक चढवू नकोस, शेजारी शेजारी घे, नाहीतर वरच्या थराचा घेर मोठा होतो. वजन सोनाराच्या काट्यावर कर, किराणा काट्याला एवढा बारीक फरक कळत नाही. मागावरून आणलेल्या ताण्याच्या सुताला खळ असते, ती आठ-दहा टक्के वजन वाढवते. म्हणून लडी कोमट पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मग तोल. पावसाळ्यात कापूस हवेतली ओल पितो, त्याने सूत जाड, म्हणजे नंबर कमी, दिसतो. दोन पदरी सूत असेल तर उत्तराची दुप्पट कर. २० आले आणि धागा उलगडून दोन पदर निघाले तर ते मूळ ४० नंबरचे.

जमल्यास खादी भांडारातून हातसुताची एक लडी आण आणि तिच्यातली तीन वेगवेगळ्या ठिकाणची शंभर-शंभर मीटर तोल. मग गिरणीच्या रिळातली तशीच तीन तोल. सहाही वजने वहीत एकाखाली एक मांड. हातसुताच्या तीन आकड्यांत जेवढा फरक येईल, तेवढ्या गाठी शहापूरच्या विणकराला दिवसभर माराव्या लागत होत्या.